खोट रायफलीत नव्हती, काडतुसांत होती

वापरलेल्या पितळी पुंगळीत नवा प्रायमर (ठोक्याने पेटणारी बुडातली टिकली), नवी पावडर आणि नवी गोळी बसवून विकलेली .२२३ रेमिंग्टन मापाची काडतुसं घेतली आणि पुरता फसवला गेलो. पुन्हा भरलेली काडतुसं सरसकट वाईट असतात असं मी म्हणत नाही. हे काम जीव ओतून करणारे लोक आहेत. पण माझ्या खोक्यांवर ‘एकाच बनावटीच्या पुंगळ्या, प्रत्येक काडतूस गेजमधून तपासलेलं’ असं छापलं होतं (गेज म्हणजे काडतुसाचं माप पडताळायचा साचा) आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. तक्रार केली तेव्हा विक्रेत्याने सगळं खापर माझ्या रायफलीवर फोडलं. राग त्याचा जास्त आहे.

रायफल एआर-१५ धर्तीची, सेमी-ऑटो, म्हणजे रिकामी पुंगळी फेकून पुढचं काडतूस आपोआप भरणारी. पहिलं खोकं उघडताच तिचं वागणं बिघडलं. कधी बोल्ट (काडतुसामागे बंद होणारा भाग) पूर्ण पुढे जाऊन बंदच व्हायचा नाही आणि काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीत, असं रुतायचं की चार्जिंग हँडल ओढून निघायचं नाही. कधी घोडा पडायचा, पण बार व्हायचा नाही. कधी बार व्हायचा, पण रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या आतच बोल्टमध्ये अडकायची आणि शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे थांबायचा नाही. विक्रेत्याचं फोनवरचं निदान तयार होतं: चेंबर घाण आहे, प्रायमरवर ठोका देणारी फायरिंग पिन झिजली आहे, बोल्ट मागे ढकलणारा गॅस गळतोय. म्हणजे तीन वेगवेगळे बिघाड एकाच दिवशी, तेही खोकं बदलल्याबरोबर!

सुटे भाग बदलण्याआधी एक साधी गोष्ट करा. रायफल तीच, मॅगझिन तेच, फक्त काडतुसं नामांकित कंपनीची नवी घ्या. माझी रायफल त्यांवर कुरकुर न करता चालली. मग मॅगझिन बदलून पुन्हा संशयित काडतुसं लावली, तर तोच गोंधळ. एका वेळी एकच गोष्ट बदलली की बोट कुणाकडे दाखवायचं ते कळतं.

मग गनस्मिथच्या (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या) टेबलावर सगळं पसरलं. चेंबरमध्ये न बसलेल्या काडतुसांची पुंगळी कॅलिपरने मोजली, तर लांबी १.७६० इंचांच्या (४४.७० मिमी) कमाल मर्यादेत होती. पण केस गेजमध्ये टाकल्यावर बूड गेजच्या काठाच्या वर उभं राहिलं. पुंगळीचा खांदा साइझिंग करताना, म्हणजे डायमध्ये दाबून तिला मूळ मापाला आणताना, पुरेसा मागे ढकललेलाच नव्हता. गेजमधून तपासल्याचा दावा तिथेच कोसळला. दोष चेंबरचा असता, तर नवं काडतूसही अडकलं असतं.

न वाजलेल्यांच्या बुडावर बोट फिरवलं, तर प्रायमर वर आलेला हाताला लागत होता. लष्करी पुंगळीत प्रायमरभोवती कडा दाबून बसवलेली असते. ती नीट काढली नाही, तर नवा प्रायमर तळाला टेकत नाही. पिनचा बराचसा जोर त्याला आत ढकलण्यातच जातो. म्हणून पहिल्या ठोक्याला न वाजलेलं दुसऱ्याला वाजतं, आणि म्हणून पिन झिजल्याचा आरोप होतो. याची दुसरी बाजू फार भयंकर आहे: पिन मोकळी असलेल्या रायफलीत बोल्ट आदळताच असा प्रायमर पेटू शकतो, ट्रिगरला बोट न लावता. बुडांवरचे शिक्केही पाहिले. काहींवर नाटोचं वर्तुळातलं क्रॉसचिन्ह, काहींवर साध्या नागरी बनावटीचे. एकाच बनावटीच्या पुंगळ्या म्हणे!

अडकलेल्या पुंगळ्यांच्या अंगावर मानेपासून खालपर्यंत काजळी होती. दाब कमी पडला की पुंगळी फुगून चेंबरला चिकटत नाही आणि धूर बाजूने मागे येतो. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) पाठोपाठच्या गोळ्यांच्या वेगात सेकंदाला शेकडो फुटांचा फरक दिसला. पावडर मोजून भरलीच नव्हती. जिथे एकात कमी जाते, तिथे दुसऱ्यात जास्तही जाऊ शकते. सपाट झालेला प्रायमर किंवा बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ओरखडा दिसला, तर थांबा. .२२३ साठी ५५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) ही दाबाची कमाल मर्यादा आहे आणि त्यापलीकडे काय होईल ते रायफलच्या मागे गाल टेकलेल्या माणसाला भोगावं लागतं.

काही पुंगळ्यांच्या बुडाच्या थोडं वर चमकदार कडं होतं. साइझिंग डायचीही अशी रेघ उमटते, त्यामुळे नुसतं पाहून ठरवू नका. टोक वाकवलेली बारीक तार रिकाम्या पुंगळीत आतून फिरवा. तार खाचेत अडकली, तर पितळ ताणून पातळ झालंय आणि पुढच्या बाराला पुंगळीचे दोन तुकडे होऊ शकतात.

आणि एक बार नुसता ‘फुस’ झाला. धक्का नाही, आवाज नाही. मी तिथेच थांबलो. नळीचं तोंड टार्गेटकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं, मॅगझिन काढायचं, बोल्ट उघडून चेंबर रिकामं करायचं आणि मगच नळीत क्लीनिंग रॉड घालायचा. रॉड मध्येच टेकला. गोळी नळीत अडकली होती. तिच्यामागे दुसरी झाडली असती, तर नळी फुगली किंवा फुटली असती. अडलेल्या बोल्टला सवयीने झटका देऊन पुढची गोळी झाडणाऱ्यांनो, कृपा करून असं करू नका.

खोक्यावरच्या ‘सामी मापानुसार’ या ओळीवरही जाऊ नका. १९२६ मध्ये स्थापन झालेली ही अमेरिकी संस्था मापं आणि दाबाच्या मर्यादा ठरवते. कुणाचं खोकं तपासून शिक्का मारत नाही. लॉट नंबर नसेल, भरणाऱ्याचा पत्ता नसेल, तर घेऊच नका. रायफलीच्या मॅन्युअलमधली वॉरंटीची अट वाचा. पुन्हा भरलेली काडतुसं वापरल्यास जबाबदारी आमची नाही, असं बहुतेक कंपन्या लिहूनच देतात. म्हणजे नळी गेली, तर विक्रेताही हात झटकणार आणि कंपनीही.

विक्रेता म्हणाला, सगळ्या पुंगळ्या पाठवा, आम्ही तपासतो. मी फोटो, मोजमापं, लॉट नंबर आणि गनस्मिथचा लेखी अहवाल पाठवला, पुंगळ्या मात्र माझ्याकडेच ठेवल्या. न उघडलेल्या खोक्यांचे पैसे बऱ्याच ओढाताणीनंतर मिळाले, उघडलेल्यांचे अजून अडकलेत. सुटी काडतुसं परत द्या म्हणून तो मागे लागला होता. मी दिली नाहीत. ती दुसऱ्या कुणाच्या खोक्यात जाण्याऐवजी रेंजवरच्या बाद काडतुसांच्या पेटीत गेली.