पडताळासूची की प्रसंगनोंद?

पूर्वप्राथमिक वर्गातील निरीक्षण शिक्षक दोन प्रकारे टिपू शकतात: विकासटप्प्यांच्या पडताळासूचीवर खूण करून, किंवा घडलेला प्रसंग मुलाच्या शब्दांसह चार ओळींत लिहून.

पडताळासूची लवकर भरते, मोठ्या वर्गातही कोणी नजरेतून सुटत नाही, आणि एखाद्या मुलाचे बोलणे किंवा हालचाल वयाच्या मानाने मागे राहत असेल तर ते वेळीच लक्षात येते. मात्र 'दहापर्यंत मोजतो' या रकान्यातील खूण त्या मोजण्यामागची समज दाखवत नाही.

प्रसंगनोंदीत तेच मूल सात ठोकळे मोजताना एकावर दोनदा बोट ठेवते आणि 'आठ' म्हणते, हे दिसते. त्यावरून कळते की अंकांचा क्रम पाठ आहे, पण एका वस्तूला एकच अंक ही संगती अजून पक्की झालेली नाही. म्हणून उद्या वीसपर्यंतचे अंक शिकवण्याऐवजी मोजलेली वस्तू बाजूला सरकवण्याचा खेळ द्यायचा. अध्यापनाला अशी नेमकी दिशा देण्याची ताकद सूचीत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात नोंदीत दिसले आणि ऐकले तेवढेच लिहावे. 'हट्टी आहे', 'हुशार आहे' हे शेरे म्हणजे निरीक्षण नव्हे.

प्रसंगनोंदीला वेळ लागतो, आणि बोलकी मुले वहीची पाने व्यापतात तेव्हा शांत मुले राहून जातात. म्हणून सूची काही महिन्यांच्या अंतराने सर्वांसाठी भरावी, प्रसंगनोंद मात्र रोज तीन-चार मुलांची, ठरलेल्या पाळीने करावी, आणि सूचीत ज्याचे रकाने रिकामे राहिले त्या मुलाची पाळी आधी लावावी.