डिस्नी वर्ल्डचा जेवणाचा प्लॅन: काउंटरवरचा की टेबलवरचा?

लातूर-नांदेडहून अमेरिकेत लेकाकडे गेलेले आईबाबा ओरलँडोला डिस्नी वर्ल्ड बघायला जातात, तेव्हा हॉटेलच्या बुकिंगसोबतच हा प्रश्न येतो: पैसे आधी भरून काउंटरवरून घेऊन खायचा प्लॅन घ्यायचा, की रेस्टॉरंटात टेबलवर बसून जेवायचा? 2024 पासून दोन्ही प्लॅन परत सुरू झालेत. आपल्या मेसच्या कार्डासारखाच हिशेब, फक्त तो दिवसांवर नाही, रात्रींवर लागतो. चार जण, चार रात्री: काउंटरच्या प्लॅनमध्ये 32 जेवणं, 16 स्नॅक्स. टेबलच्या प्लॅनमध्ये 16 बसून जेवणं, 16 काउंटरची, 16 स्नॅक्स. पाचव्या दिवसाचं वेगळं काही मिळत नाही, आणि चेकआउटच्या मध्यरात्री उरलेलं सगळं बाद.

काउंटरचा प्लॅन सुटसुटीत. टेबलच्या प्लॅनमध्ये मुख्य डिश, गोड आणि पेय येतं, पण टिप वेगळी द्यावी लागते. टेबलचं बुकिंग 60 दिवस आधी उघडतं. ते चुकलं की चांगल्या जागा भरतात आणि जेवणं पडून राहतात. काही महागडी रेस्टॉरंट एका जेवणाला दोन क्रेडिट, म्हणजे प्लॅनमधली दोन बसून जेवणं, कापतात, हे आधी बघा.

शाकाहारी आईबाबांसाठी टेबलचा प्लॅन घेणार असाल तर ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नीच्या हॉटेलातल्या साना रेस्टॉरंटसाठी एक जेवण राखून ठेवा, तिथं नान आणि चटण्या मिळतात. बाकी ठिकाणी एवढं मोठं ताट त्यांना संपत नाही, मग काउंटरचाच प्लॅन परवडतो.

पाण्याच्या बाटलीवर स्नॅक घालवू नका. काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं. प्लॅनसोबत पेयासाठी जो मग मिळतो, तो मात्र राहत्या हॉटेलातच परत भरून मिळतो, पार्कात चालत नाही.