बारा तारांची गिटार, बजेट वीस हजार: बरेच महिने वाजवून झाल्यावर

आधी हिशेब. वापरलेली गिटार १४,५००, सॅडल आणि नट (तारा ज्या दोन पट्ट्यांवर टेकतात) यांचं काम १,५००, नव्या तारांचा सेट १,३००, कॅपो (सूर चढवायला मानेवर आवळायचा चिमटा) ६००, जाड अस्तराची बॅग १,४००. एकूण १९,३००. एवढ्या पैशांत बारा तारांची नवी, सॉलिड टॉपची (वरचा भाग अख्ख्या लाकडाचा असलेली) गिटार मला कुठे सापडली नाही. ज्या नव्या दिसल्या त्यांची मान हातात घेताच नको वाटली. म्हणून जुनी घेतली. कंपनीचं नाव देत नाही, कारण ते मॉडेल आता बनत नाही आणि तुम्ही शोधायला गेलात तरी मिळणार नाही. शोधायचं काय, ते सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या गिटारीत सहा जोड्या असतात. खालच्या दोन बारीक तारांच्या जोड्या एकाच स्वराच्या. वरच्या चार जोड्यांमध्ये नेहमीच्या तारेशेजारी तिच्याच वरच्या सप्तकातली बारीक तार. दोन तारा कधीच शंभर टक्के एका सुरात नसतात, आणि त्या किंचित फरकातूनच तो भरगच्च, झगमगता आवाज येतो. घरच्या मैफिलीत चार-पाच जण गात असतील तर सहा तारांची गिटार बुडून जाते, ही बुडत नाही. मला हवी होती ती यासाठीच.

विकत घेताना बहुतेक जण लाकूड विचारतात. बारा तारांच्या बाबतीत तो प्रश्न मी तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर ठेवेन. पहिला प्रश्न ताणाचा. सहा तारांच्या गिटारीवर १२ ते ५३ चा (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) लाइट सेट चढवला तर एकूण ताण साधारण ७५ किलोच्या आसपास जातो. बारा तारांच्या १० ते ४७ च्या सेटचा ताण ११० किलोच्या पुढे. हा सगळा भार ब्रिज (पोटावरची, तारा अडकवायची लाकडी पट्टी) वर खेचत असतो आणि मान पुढे वाकवत असतो, वर्षानुवर्षं, गिटार पलंगाखाली पडून असली तरी. त्यामुळे जुन्या गिटारीत पॉलिशवरचे ओरखडे बघू नका, ब्रिज बघा. साधा कागद घेऊन ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून पाहा. कागद आत गेला तर ब्रिज सुटायला लागलाय. मग एक लांब, सरळ स्टीलची पट्टी फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) ठेवून ब्रिजकडे न्या. टोक ब्रिजच्या माथ्याशी जुळलं की मानेचा कोन ठीक आहे. टोक ब्रिजच्या मध्यावर आपटलं तर नमस्कार करून निघा. मान काढून पुन्हा बसवण्याचा खर्च या किमतीच्या गिटारीला परवडत नाही. तिसरी गोष्ट, सॅडल ब्रिजच्या वर किती उरलंय ते. आधीच्या मालकाने ते घासून घासून संपवलं असेल तर तुम्हाला ॲक्शन, म्हणजे तारांची मानेपासूनची उंची, कमी करायला जागाच राहत नाही.

माझ्या गिटारीत ब्रिजमागे टॉपला किंचित फुगवटा आहे. दुकानात एकाने त्यावरून भीती घातली होती. एवढा फुगवटा बारा तारांच्या गिटारीला असायचाच, ब्रिज पुढे झुकलेला नाही ना एवढं पाहिलं आणि घेतली. टॉप लॅमिनेटेड, म्हणजे थर चिकटवून केलेल्या, स्प्रूस लाकडाचा आहे. सॉलिड टॉप हवाच असं म्हणणारे यावर नाकं मुरडतील. सॉलिड टॉपचा आवाज जास्त मोकळा असतो, वाजवून वाजवून खुलतो, हे मान्य. पण या बजेटमध्ये सॉलिड टॉप आणि डळमळीत मान यापेक्षा लॅमिनेटेड टॉप आणि घट्ट मान मी केव्हाही घेईन. शिवाय इकडच्या पावसाळ्यात लॅमिनेटेड लाकूड कमी फुगतं.

गिटार आली तेव्हा बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची ३.२ मिलिमीटर होती. सहा तारांवर हे एकवेळ चालवून घेता येतं, बारा तारांवर एफ कॉर्ड धरताना मनगट बोलायला लागतं. मी सांगलीत राहतो, त्यामुळे काम मिरजेच्या सतारमेकर गल्लीत करून घेतलं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गिटारच्या सेटअपची पाटी तिथे कुणाच्या दारावर नाही. विचारत विचारत एका कारागिरांकडे पोचलो. तंबोऱ्याच्या जवारीचं काम करणारे हात, हाडाची पट्टी घासणं त्यांच्यासाठी रोजचं. फक्त इथे उलटं हवं होतं. तंबोऱ्यात तार घोडीच्या रुंद पाठीला चाटत जाते आणि त्यातून ती गुंजते. गिटारच्या सॅडलवरून ती एका बिंदूवरून स्वच्छ सुटायला हवी, नाहीतर सतारीसारखी झणझणते. हे त्यांना सांगावं लागलं नाही, तार छेडून त्यांनीच मला सांगितलं.

बाराव्या फ्रेटवर जेवढं कमी करायचं त्याच्या दुप्पट सॅडल घासावं लागतं. आधी ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा वाक सावरणारी सळई) पाव फेरा फिरवून मान थोडी सरळ केली, मग सॅडल, मग नटच्या खाचा. आता उंची २.४ मिलिमीटर आहे आणि गिटार वेगळीच झाली आहे. ऑनलाइन गिटार मागवून सेटअप न करता ‘बारा तारा अवघड असतात’ म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: आधी हे १,५०० खर्च करा.

दुसरा मोठा फरक पडला तो सूर खाली लावल्याने. मी सगळ्या जोड्या एक स्वर खाली, म्हणजे ई ऐवजी डी पासून लावतो. ताण जवळजवळ एक पंचमांशाने उतरतो, बोटांनाही कळतं आणि ब्रिजलाही. यात नवं काही नाही. अमेरिकेतला जुना गायक लेड बेली आपली बारा तारांची गिटार याहूनही खाली लावायचा. आणि पेटीबरोबर वाजवणाऱ्यांना याचा एक फायदा आहे. जी कॉर्डचा आकार धरला की पांढरी चार मिळते, पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की काळी तीन, तिसऱ्यावर काळी चार. डीचा आकार धरला की पांढरी एक, कॅपो एकवर काळी एक. गाणाऱ्याने पट्टी सांगितली की डोकं खाजवावं लागत नाही. कॅपो मात्र स्क्रूने आवळायचा घ्या. साधा स्प्रिंगचा कॅपो जाड तार दाबतो आणि शेजारची बारीक तार मुकी ठेवतो.

आता त्रास. सूर लावायला वेळ लागतोच. क्लिपचा ट्यूनर दोन्ही तारा एकदम वाजल्या की गोंधळतो, म्हणून एक तार बोटाने दाबून दुसरी लावायची. आधी जाड तार ट्यूनरवर, मग बारीक तार कानाने. दोन तारांमधली थरथर हळू होत होत थांबली की जोडी जुळली. तंबोरा लावलेल्यांना हे शिकवायची गरज नाही.

सगळ्यात जास्त तुटते ती जीच्या, म्हणजे तिसऱ्या जोडीतली बारीक तार. सेटमध्ये ती फक्त ०.००८ इंच जाडीची असते आणि तिला चढवायचं असतं पहिल्या तारेच्याही वर. इथल्या दुकानांत बारा तारांचा सेट मागितला की ‘मागवून देतो’ हेच उत्तर येतं, आणि एका तारेसाठी हजार-दीड हजारांचा सेट फोडणं जिवावर येतं. इलेक्ट्रिक गिटारची ०.००८ किंवा ०.००९ ची सुटी तार घ्या. साधीच पोलादी तार, टोकाला तसाच मणी, बिनदिक्कत बसते. मी तीन-चार बॅगेत ठेवूनच असतो.

सातव्या फ्रेटच्या वर सूर जरा बेसूर होतात. हा दोष सगळ्याच बारा तारांच्या ॲकॉस्टिकमध्ये थोडाफार राहतो, कारण जाड आणि बारीक तारेला सॅडलवर वेगवेगळी लांबी हवी असते आणि सॅडल एकच असतं. खाली कॉर्ड वाजवणाऱ्याला कळतही नाही. सोलो वाजवणाऱ्याला कळेल, पण त्याने ही गिटार घेऊच नये. तार ओढून मींड घ्यायचा प्रयत्नही करू नका, जोडीतली एक तार पुढे जाते आणि दुसरी मागे राहते. पिक पातळ वापरा, ०.६ मिलिमीटरच्या आसपास. जाड पिकने नुसता खडखडाट होतो.

पावसाळ्यात ॲक्शन थोडी वर गेली आणि दिवाळीनंतर आपोआप खाली आली. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या होत्या, त्या दर थोड्या दिवसांनी बदलल्या. गिटार भिंतीवर टांगलेली नाही, आणि आठ-दहा दिवस गावाला जाणार असलो तर सगळ्या तारा आणखी एक स्वर उतरवून जातो.

रोजची गिटार म्हणून मी ही कुणाला सुचवणार नाही. माझी सहा तारांची अजून तशीच हाताशी आहे, रियाज तिच्यावरच होतो. पहिलीच गिटार घेत असाल तर बारा तारांच्या वाटेला जाऊच नका, बोटं सोलून निघतील.

आणि ज्यांना हा आवाज फक्त रेकॉर्डिंगसाठी हवा आहे त्यांनी वीस हजारही घालवू नयेत. बारा तारांचा एक सेट आणा, त्यातल्या जोडीच्या बारीक तारा तेवढ्या वेगळ्या काढा आणि घरात पडलेल्या स्वस्त सहा तारांच्या गिटारीवर चढवा. याला नॅशव्हिल ट्यूनिंग म्हणतात. आधी नेहमीची गिटार रेकॉर्ड करा, मग तेच कॉर्ड हिच्यावर वाजवून वर चढवा. ऐकणाऱ्याला बारा तारांचाच भास होतो, आणि दोन्ही आवाज वेगळे कमी-जास्त करता येतात, जे खऱ्या बारा तारांच्या गिटारीवर मला जमत नाही.

माझ्या गिटारीच्या दोन खुंट्या सैल आहेत, तिसऱ्या जोडीच्या. फिरवताना आधी थोडी रिकामी फिरतात. पुढच्या तारा बदलताना बाराच्या बारा खुंट्या नव्या बसवायचा विचार आहे. तोपर्यंत सूर नेहमी खालून वर चढवत आणतो, वरून खाली उतरवत नाही, म्हणजे खुंटी दाताला टेकून राहते आणि गाणं संपेपर्यंत तार जागची हलत नाही.