जुने चित्रपट घरी पाहताना: माळ्यावरची डीव्हीडी, मागवलेली ब्ल्यू-रे की ओटीटी?

ठाण्यात चरईतल्या आमच्या इमारतीचा पुनर्विकास अखेर मार्गी लागला आणि घरे रिकामी करण्याची सूचना निघाली, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या माळ्यावरून चार खोकी खाली उतरली. त्यांत जुन्या मराठी, हिंदी आणि काही बंगाली चित्रपटांच्या तीनशेच्या आसपास व्हीसीडी आणि डीव्हीडी होत्या. गोखले रोडवर आणि राम मारुती रोडवर डिस्कची दुकाने चालत होती त्या काळात, पगार झाला की एखाददुसरी घेत, काकांनी हा संग्रह जमवला होता. घोडबंदर रोडला मिळालेले भाड्याचे घर दोन खोल्यांचे आहे. त्यामुळे ही खोकी बरोबर न्यायची, त्यांतले आवडते चित्रपट चांगल्या प्रतीत नव्याने मागवायचे, की सगळे भंगारात देऊन ओटीटीवर भिस्त ठेवायची, हे त्यांना लवकर ठरवायचे होते. आम्ही सलग तीन रविवार बसलो आणि जे चित्रपट एकाहून अधिक रूपांत हाताशी होते ते एकामागून एक लावून पाहिले. पुढील तुलना त्या बैठकांतून झालेली आहे.

खोक्यावर किंवा ॲपवर छापलेल्या आकड्यांवरून निवड करू नये, हे पहिल्याच रविवारी लक्षात आले. व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचे असते, पाल पद्धतीच्या, म्हणजे आपल्याकडे चालणाऱ्या टीव्ही-पद्धतीच्या, डीव्हीडीचे ७२० बाय ५७६, ब्ल्यू-रेचे १९२० बाय १०८० आणि फोर-के डिस्कचे ३८४० बाय २१६०. पण हे आकडे भांड्याचे माप सांगतात. भांड्यात काय ओतले आहे, याचा त्यांतून काहीच पत्ता लागत नाही. चित्रपट मूळ निगेटिव्हवरून स्कॅन केला आहे, निगेटिव्हवरून काढलेल्या मधल्या प्रतीवरून, थिएटरांत फिरून झिजलेल्या प्रिंटवरून, की कधीकाळी दूरचित्रवाणीसाठी भरून ठेवलेल्या व्हिडिओ टेपवरून, यावर जवळजवळ सगळे ठरते. टेपवरचे चित्र ताणून त्याला ‘फोर-के’ म्हटले, तरी टेपवर जे उतरलेच नव्हते ते पडद्यावर येत नाही. काकांच्या खोक्यातल्या एका साध्या डीव्हीडीने नेटवरच्या ‘फोर-के’ म्हणवणाऱ्या प्रतीला सहज मागे टाकले, त्याचे कारण हेच होते.

रिस्टोरेशन म्हणजे काय, हे सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या उदाहरणावरून नीट कळते. ‘पथेर पांचाली’ (१९५५), ‘अपराजितो’ (१९५६) आणि ‘अपूर संसार’ (१९५९) यांची मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबोरेटरीला लागलेल्या आगीत होरपळली. जळून कडक झालेली, एकमेकांना चिकटलेली ती रिळे फेकून न देता अमेरिकेत ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीच्या संग्रहालयात ठेवली गेली आणि वीस वर्षांनी इटलीतील बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्यांना ओलावा देऊन, हाताने सोडवून, तुटलेल्या कडा जोडून पुन्हा स्कॅन करण्याजोगे करण्यात आले. पहिल्या चित्रपटाचे सुमारे ४० टक्के आणि दुसऱ्याचे ६० टक्क्यांहून अधिक निगेटिव्ह अशा रीतीने वापरता आले. तिसऱ्याचे काहीच हाती लागले नाही. उरलेला भाग इतरत्र जपलेल्या दुय्यम प्रतींवरून भरून काढला गेला आणि २०१५ मध्ये फोर-के रिस्टोरेशन पूर्ण होऊन त्याच वर्षी क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीची ब्ल्यू-रे आली.

‘पथेर पांचाली’ची जुनी डीव्हीडी काकांकडे होती आणि नवी प्रत मी मागवलेली होती, म्हणून पावसाआधीचे तळ्याचे दृश्य आम्ही दोन्हींवर लावले. सतार चालू असताना पाण्यावर निवळ्या सुरसुरत फिरतात, तेवढेच ते दृश्य. डीव्हीडीवर पाणी म्हणजे एक करडा पट्टा होता आणि त्यावर काहीतरी थरथरत होते. काकांना इतकी वर्षे तो प्रिंटवरचा खराबा वाटत आला होता. नव्या प्रतीत प्रत्येक निवळीभोवती उठणारे वलय वेगळे दिसले. काका उठून टीव्हीजवळ गेले, चष्मा वर सरकवून त्यांनी ते दृश्य तीनदा पाहिले आणि ‘किडे आहेत होय हे!’ एवढेच म्हणाले. त्यानंतर दोन प्रतींत फरक काय, हे मला समजावून सांगावे लागले नाही.

मात्र स्वच्छ चित्र म्हणजे चांगले चित्र, असा समज करून घेऊ नये. फिल्मला स्वतःचा एक रवाळ पोत असतो, इंग्रजीतून आलेल्या शब्दाने आपण त्याला ग्रेन म्हणतो, आणि तो पुसून टाकणारी सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत. ती बेतालपणे वापरली की चेहरे मेणाचे होतात, नऊवारीच्या काठाचे विणकाम गुळगुळीत होते आणि धुळीचा ठिपका समजून नथीची चमकही उडवली जाते. खोक्यावर ‘रिस्टोअर्ड’, ‘रिमास्टर्ड’ आणि ‘डिजिटली एन्हान्स्ड’ हे शब्द एकाच अर्थाने छापलेले असतात, पण त्यांतला पहिला शब्दच मूळ फिल्मवरच्या कामाबद्दल काही सांगू पाहतो, आणि तोही कोणत्या घटकावरून काम केले हे लिहिलेले असेल तरच विश्वासार्ह ठरतो. ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये संपूर्ण रंगीत करून पुन्हा प्रदर्शित झाला. तो वेगळाच उद्योग होता. १९६० चा, मोजकीच रंगीत रिळे असलेला कृष्णधवल चित्रपट ज्यांना पाहायचा आहे, त्यांनी आपली जुनी डिस्क भंगारात देऊ नये.

हेच ‘शोले’लाही लागू पडते. त्याचे मूळ निगेटिव्ह व्हिनेगर सिंड्रोमने, म्हणजे ॲसिटेट फिल्म कुजून तिला शिरक्यासारखा आंबट वास सुटतो त्या रोगाने, वाईट अवस्थेत सापडले. जुने चित्रपट जतन करणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेने इतर ठिकाणी मिळालेल्या घटकांवरून चित्रपट उभा केला आणि जून २०२५ मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात तो मूळ शेवटासह दाखवला गेला, ज्यात ठाकूरच गब्बरचा अंत करतो. आपण १९७५ पासून पाहत आलो तो शेवट, ऐन वेळी पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात तो, सेन्सॉरच्या आग्रहामुळे आलेला होता. दिग्दर्शकाच्या मनातला चित्रपट पाहायचा, की आपल्या आठवणीतला, हा प्रश्न इथे खरोखरच पडतो. काकांनी दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला. मी अजून ठरवलेले नाही.

चित्राइतकाच आवाजाचा विचार करावा आणि मराठी चित्रपटांच्या बाबतीत तर तो आधी करावा. प्रभातच्या ‘संत तुकाराम’च्या (१९३६) दोन प्रती आम्ही ऐकल्या. एकीत खरखर बरीच होती, दुसरीत ती पूर्ण घालवलेली होती आणि पहिल्या दोन मिनिटांत दुसरीच बरी वाटली. अभंग सुरू झाल्यावर मात्र टाळ कुठे गेले, असे काकांनी विचारले. टाळांची किणकिण आणि जुन्या ध्वनिपट्टीची खरखर साधारण एकाच उंच पट्टीत नांदतात. एक सरसकट कापली की दुसरीही जाते. खरखर असलेल्या प्रतीत टाळ लांबत, विरत ऐकू येत होते. स्वच्छ प्रतीत नुसती टकटक उरली होती. कसून केलेल्या रिस्टोरेशनमध्ये आवाजासाठी स्वतंत्र शोध घेतला जातो. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’चे (१९७६) चित्र पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या मूळ निगेटिव्हवरून घेतले गेले, परंतु आवाज फाउंडेशनकडच्या एका ३५ मिलिमीटरच्या प्रिंटवरून घ्यावा लागला, कारण निगेटिव्हचा आवाज खराब झाला होता. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून उभा केलेला तो चित्रपट अशा जोडकामातून २०२४ मध्ये कानच्या महोत्सवात पोहोचला.

पेटी वाजवणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने चालतो आणि पाल पद्धतीचा व्हिडिओ २५ च्या, त्यामुळे पाल डीव्हीडी बनवताना बहुधा चित्रपट चार टक्क्यांनी पळवला जातो. दीडशे मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टी, पेटीवरच्या लगतच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत जेवढे अंतर असते त्याच्या जवळपास पाऊण हिश्शाने, चढते. काळी एकमधले गाणे काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसते आणि साथ करायला गेलेला माणूस पेटीलाच दोष देतो. ब्ल्यू-रेवर २४ चीच गती ठेवता येते.

आता ओटीटी आणि यूट्यूबकडे वळू, कारण बहुतेकांचा ओढा तिकडेच आहे आणि तो अनाठायी नाही. पैसे थोडे किंवा शून्य, जागा लागत नाही, आणि डिस्कवर कधीच न आलेले अनेक मराठी चित्रपट तिथे सापडतात. पण फुल एचडी ओटीटीवर सेकंदाला साधारण ५ मेगाबिट माहिती येते, ब्ल्यू-रेवर २५ ते ३५. नव्या चित्रपटांत हा फरक फारसा जाणवत नाही; जुन्या फिल्मचा रवाळ पोत मात्र एवढ्या दाबात तग धरत नाही आणि अंधाऱ्या दृश्यांत भिंतींवर चौकोनी तुकडे हलू लागतात. दुसरा उपद्रव अधिक चीड आणणारा आहे. जुने चित्रपट १.३७ ला १ या जवळपास चौरस आकारात चित्रित झालेले असतात आणि रुंद टीव्ही भरून दिसावा म्हणून ते वरून-खालून छाटले जातात. सुमारे पाव चित्र जाते. लावणीच्या दृश्यात चाळ वाजत राहतात आणि पाय दिसत नाहीत, ही थट्टा नव्हे, आम्ही पाहिलेली गोष्ट आहे. जुना चित्रपट लावल्यावर डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे दिसले तर ते दोष समजू नयेत. शिवाय ओटीटीवरचा चित्रपट हक्कांची मुदत संपली की एके दिवशी नाहीसा होतो, आणि त्याची आगाऊ सूचना आपल्या लक्षात येतेच असे नाही.

एकाच जुन्या चित्रपटाच्या इतक्या निकृष्ट प्रती बाजारात का असतात, यामागे कायदाही आहे. भारतात चित्रपटावरचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. तो संपला की कोणीही प्रत काढू शकतो. मग लाखो रुपये घालून निगेटिव्ह दुरुस्त करण्याची घाई कोणाला असणार? (घरासाठी घेतलेली डिस्क गणेशोत्सवात सोसायटीच्या पटांगणात लावणे हा हक्क अबाधित असलेल्या चित्रपटांच्या बाबतीत वेगळ्या परवानगीचा विषय आहे, हे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे.)

परदेशी डिस्क मागवणाऱ्याने प्रदेश-कोड, म्हणजे डिस्क कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालेल हे ठरवणारी खूण, आधी तपासावा. ब्ल्यू-रेच्या वाटणीत भारत ‘सी’ विभागात येतो आणि क्रायटेरियनच्या अमेरिकी ब्ल्यू-रे ‘ए’ विभागाच्या असतात. ‘सर्व प्लेअरवर चालेल’ असे लिहिणाऱ्या एका विक्रेत्यावर विसंबून मी एक डिस्क घेतली होती. टपाल आणि सीमाशुल्क भरून ती घरी आली, प्लेअरने ती पंधरा सेकंद फिरवली आणि पडद्यावर नकाराची ओळ दाखवून बाहेर काढली. पैसे परत मिळाले नाहीत. फोर-के डिस्कला मात्र प्रदेश-कोड नसतो. म्हणून फोर-के आणि ब्ल्यू-रे एकत्र असलेला संच घेतला, तर मुख्य चित्रपट भारतातल्या फोर-के प्लेअरवर किंवा डिस्कच्या खाचेच्या प्लेस्टेशन ५ वर चालतो. जोडीची ब्ल्यू-रे, जिच्यावर बहुधा मुलाखती आणि माहितीपट असतात, ती अडू शकते. प्लेअर बनवणाऱ्या कंपन्या एकेक करून बाजूला होत आहेत, त्यामुळे यंत्र घ्यायचेच असेल तर डिस्कच्या आधी ते घ्यावे.

आपल्याकडे खाडीची दमट हवा हा जुन्या डिस्कचा शत्रू आहे. व्हीसीडीचा चकाकता थर वरच्या छापील बाजूच्या अगदी लगत असतो, म्हणून तिथला ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा घातक ठरतो. डीव्हीडीत तो थर प्लास्टिकच्या दोन चकत्यांमध्ये असल्याने ती अधिक टिकते. काकांच्या व्हीसीडींपैकी बऱ्याच उजेडात धरल्यावर चाळणीसारख्या दिसल्या. डीव्हीडी मात्र थोड्या वगळता चालल्या.

वर्गवारी शेवटी अशी झाली. ज्यांच्या गाण्यांपुरतेच प्रेम होते असे चित्रपट ओटीटीवर सोडले. व्हीसीडी सगळ्या गेल्या, एका नाटकाच्या चित्रीकरणाचा अपवाद सोडून, कारण ते दुसरीकडे कुठेच सापडले नाही. डीव्हीडींपैकी ज्यांच्या चौकटी पूर्ण होत्या आणि आवाजाला हात लावलेला नव्हता, अशा साठेक ठेवल्या. प्रत्येकीच्या वेष्टनावर काकांनी पेन्सिलने ‘टाळ आहेत’ किंवा ‘पाय दिसतात’ असे लिहून ठेवले आहे. नव्याने विकत घेण्याच्या यादीत त्यांनी पाचच नावे घातली आणि त्यांत पहिले अपू चित्रत्रयीचे आहे, तेही घोडबंदरच्या घरात टीव्ही भिंतीवर लागल्यानंतर.