आत्याचा एसएक्स-७० आणि माझा इन्स्टॅक्स

आत्याने न्यू जर्सीहून आणलेला पोलरॉइड एसएक्स-७०, म्हणजे काढलेला फोटो लगेच बाहेर देणारा कॅमेरा, गेल्या वर्षी माझ्याकडे आला. १९७२ सालचं हे मॉडेल. मिटवला की जाड वहीएवढा. व्ह्यूफाइंडर धरून वर ओढला की खट्कन उभा राहतो. लेन्समधूनच बघायचं, चाक फिरवून फोकस हातानेच करायचा, तोही २६ सेंटिमीटरपर्यंत जवळून. आजीच्या हातावरचं गोंदण मी यानेच टिपलं. ते मऊ, किंचित पिवळट रंग मला दुसरीकडे कुठे मिळाले नाहीत.

पण त्याला जपावं लागतं. पोलरॉइडने २००८ मध्ये फिल्म बंद केली. नेदरलँड्समधला एन्सखेडेचा कारखाना काही जणांनी वाचवला म्हणून आज फिल्मचा पॅक मिळतो. त्यात फक्त ८ फोटो, बॅटरी पॅकमध्येच. किंमत जबर. फिल्म मंद, म्हणजे तिला उजेड जास्त लागतो, त्यामुळे संध्याकाळी घरात हात हलून फोटो धूसर येतोच. बाहेर आलेला फोटो लगेच झाकून पालथा ठेवायचा. पहिल्या दिवशी गच्चीवर भर उन्हात मी तो हातातच धरला आणि बाबांचा चेहरा पांढुरका पडला. अजून हळहळ वाटते.

इन्स्टॅक्स मिनी १२, म्हणजे फुजीफिल्मचा असाच झटपट फोटो देणारा कॅमेरा, त्याचं तसं नाही. दोन पेन्सिल सेल, १० फोटो, फिल्म ८०० आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही चालणारी, फ्लॅश आपोआप. दीड मिनिटात चित्र उमटतं. फोटो मात्र जेमतेम ६२ बाय ४६ मिलिमीटर.

बारशाला, सहलीला, मुलांच्या हातात द्यायला डोळे झाकून इन्स्टॅक्स घ्या. जुना घेणार असाल तर विकणाऱ्याला समोर एक पॅक टाकून दाखवायला सांगा, पैसे त्यानंतरच.