फॅमिली लिंक: चौदा वर्षांच्या पोरापुढे किती टिकतं?

पुणे-पिंपरीत वाकड, पिंपळे सौदागर, बावधन, खराडी, कुठेही जा. मोठ्या सोसायटीत संध्याकाळी सहाला एक चक्कर मारली की चित्र सारखंच. पोडियमवर पाटी: 'चेंडू खेळण्यास सक्त मनाई'. पार्किंगमध्ये सायकल नको. क्लबहाउसला सोबत मोठं माणूस हवं. लॉबीत चार पोरं घोळक्याने उभी दिसली की सिक्युरिटीवाले काका हटकणार. मग ती जिन्यात जाऊन फोन काढून बसतात, आणि घरचे त्या फोनमध्ये गूगलचं फॅमिली लिंक टाकतात, म्हणजे मुलाच्या फोनवर पालकाला देखरेख ठेवू देणारं ॲप. नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी हे ॲप चांगलंच आहे, त्यावर फार लिहायला नको. खरी परीक्षा आठवी ते दहावीच्या पोरांची. त्यांच्याकडे रिकामा वेळ भरपूर असतो आणि मोठ्यांनी घातलेलं कुलूप उघडणं हा त्यातल्या त्यात बरा खेळ असतो.

ॲप फुकट आहे. पालकाचा फोन अँड्रॉइड किंवा आयफोन, काहीही चालतो. मुलाचा मात्र अँड्रॉइड फोन, टॅब किंवा क्रोमबुकच लागतं. तेरा वर्षांखालचं मूल असेल तर पालक त्याचं खातं स्वतः काढून देतात. त्यापुढच्या मुलाचं आधीचं जीमेलही देखरेखीखाली आणता येतं, पण तिथे मुलाची संमती लागते, म्हणजे जोडणी करताना त्याला समोर बसवावंच लागतं. मुलाच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये 'गूगल', त्यात 'पेरेंटल कंट्रोल्स', मग मुलाचं खातं निवडायचं आणि पालकाच्या खात्याने साइन-इन करायचं. जोडणी अडते ती बहुधा एकाच जागी. फोन आईचा जुना असतो आणि तिचं जीमेल त्यात तसंच पडून असतं. देखरेखीच्या फोनवर असं दुसरं खातं चालत नाही, ते आधी काढावं लागतं. काढण्यापूर्वी त्यातले फोटो आणि फोन नंबर नव्या फोनवर आलेत ना, एवढं बघून घ्या.

आता मुख्य काम, वेळेचं. रोजची मर्यादा वारानुसार वेगवेगळी ठेवता येते. रात्रीसाठी डाउनटाइम, म्हणजे ठरलेल्या तासांत फोन बंद, तो वेगळा. एकेका ॲपला स्वतंत्र मर्यादाही लावता येते. फोन बंद होण्याआधी मुलाला १५, ५ आणि १ मिनिट उरल्याची सूचना येते. हे फार चांगलं केलंय, कारण गेमच्या ऐन मध्यात स्क्रीन काळी झाली की पुढचा अर्धा तास घरात जो तमाशा होतो त्यापेक्षा तो गेम परवडला. बंद फोनवर आलेला कॉल उचलता येतो, त्यामुळे 'क्लासहून निघालास का' विचारायची सोय राहते.

पण एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: रोजची मर्यादा फोनमागे असते, मुलामागे नाही. दोन तास लावले आणि त्याच खात्यावर घरात टॅबही असेल, तर फोनवर दोन आणि टॅबवर दोन, असे चार तास झाले. पोरांना हा हिशेब पहिल्या दिवशी कळतो. दोन यंत्रं असतील तर दोन्हीकडे तास वाटून द्या.

ॲपच्या परवानगीचंही असंच. मुलाने प्ले स्टोअरवरून नवीन ॲप मागितलं की पालकाच्या फोनवर विनंती येते. मात्र एकदा परवानगी दिलेलं ॲप त्याने काढून टाकलं आणि महिन्याने पुन्हा घेतलं, तर विनंती येत नाही. तेव्हा नको असलेलं ॲप मुलाच्या फोनवरून उडवून उपयोग नाही, आपल्या यादीत जाऊन ब्लॉक करायचं. यूट्यूबचं ॲप ब्लॉक करून निवांत बसणारे पालक तर पुष्कळ. पोरगं क्रोममध्ये यूट्यूबची साइट उघडतं आणि व्हिडिओ तिथे सुरू. क्रोमच्या ब्लॉक यादीत साइटही टाकावी लागते. त्यातही भोक उरतंच: कितीतरी ॲप आपल्या पोटातच वेबपान उघडतात आणि क्रोमची गाळणी तिथे पोचत नाही. प्ले स्टोअर सोडून बाहेरून एपीके, म्हणजे ॲपची फाइल, टाकण्याची वाट 'अननोन सोर्सेस' या सेटिंगमधून जाते. ती मूळची बंद असते, कुणाच्या गोड बोलण्याला भुलून चालू करू नका.

मेसेजबद्दल गैरसमज दूर करायला हवा. व्हॉट्सॲपवर कोण काय लिहितं हे फॅमिली लिंक दाखवत नाही. कुठलं ॲप किती वेळ वापरलं, एवढंच दिसतं. दाखवत नाही हेच बरं आहे. पंधरा वर्षांच्या मुलीची चॅट वाचणारं ॲप हवं असेल तर भांडण सॉफ्टवेअरचं राहिलं नाही.

सगळ्यात मोठं भोक मात्र मुलाच्या फोनमध्ये नसतं, आईच्या फोनमध्ये असतं. तिचा पिन घरात सगळ्यांना ठाऊक, कारण दुधाचे पैसे, ब्लिंकिट, शाळेचा ग्रुप सगळं त्याच फोनवर. विनंती पाठवायची, आई अंघोळीला गेली की तिचाच फोन उचलून मंजूर करायची आणि नोटिफिकेशन सरकवून टाकायची. दीड मिनिटाचं काम. फॅमिली लिंकमध्ये एक बदलता पालक-कोडही असतो, बंद फोन जागच्या जागी उघडण्यासाठी. तोही याच ॲपमध्ये दिसतो, म्हणजे आईचा फोन हातात आला की किल्ल्यांचा जुडगाच हातात. पालकाच्या फोनचा पिन बदला आणि फॅमिली लिंकला वेगळं ॲप-लॉक लावा. आपल्याकडच्या बहुतेक फोनमध्ये ती सोय आयती असते. हे केलं नाही तर बाकीच्या सेटिंग्जवर घालवलेला रविवार वाया.

दुसरं भोक कपाटातला जुना फोन. तडा गेलेली काच, बॅटरी तास-दीड तास, पण वायफाय चालतं. त्यात देखरेखीचं खातं नसतं, म्हणून त्याच्यापुढे फॅमिली लिंक काही करू शकत नाही. इथे राउटर कामाला येतो: रात्री अकरानंतर ठरावीक उपकरणांना इंटरनेट बंद. राउटर उपकरण ओळखतो ते मॅक पत्त्यावरून, म्हणजे नेटवर्कवरच्या त्याच्या ओळख क्रमांकावरून, आणि अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वायफायला बनावट मॅक दाखवतात. वायफायच्या सेटिंगमध्ये 'रँडम'चं 'फोनचा मॅक' केलं की राउटरला तो नवा फोन वाटतो आणि बंदी गळून पडते. म्हणून 'हे उपकरण बंद' असा नियम करू नका. राउटरमध्ये सोय असेल तर 'ही सोडून बाकी सगळी बंद' असा करा. शेजारच्या फ्लॅटचा पासवर्ड पोरांच्या ग्रुपवर फिरत असेल तर त्यावर राउटरकडे इलाज नाही.

लोकेशन हा ज्याच्या जिवावर पालक ॲप घेतात तो भाग, आणि तोच सर्वात कच्चा. नकाशावरचा ठिपका म्हणजे फोनने शेवटचं कळवलेलं ठिकाण. बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागचं काम थांबवतो, नेट बंद असलं की काहीच येत नाही. मेट्रो शिवाजीनगरपासून स्वारगेटपर्यंत जमिनीखालून जाते, तिथे जीपीएस पोचत नाही. पोरगं मंडईत उतरून वर येईतो ठिपका मागेच रेंगाळलेला असू शकतो. 'तू शिवाजीनगरला काय करत होतास' असा जाब विचारण्याआधी ठिपक्याखालची वेळ वाचा. दोन-तीनदा खोटा आरोप झाला की पोर लोकेशन बंद ठेवायला लागतं, आणि त्याचं चुकतं असंही म्हणता येत नाही.

मग घ्यावं का? घ्यावं, पण कुलूप म्हणून नाही. या वयाला उपयोगी पडणारी दोनच बटणं आहेत. एक, डाउनटाइम, कारण झोपेवर तडजोड नको; शाळेच्या दिवशी रात्री साडेदहा ते सकाळी सहा ठेवलं तर कुरकुर होते पण टिकतं. दुसरं, बोनस टाइम: ठरलेलं वेळापत्रक न मोडता आजच्यापुरता वेळ वाढवून देता येतो. मॅच सुपर ओव्हरला गेली, दे अर्धा तास. हे बटण सढळ हाताने वापरणाऱ्या घरात पिन चोरायची गरज कमी पडते. रोजची मर्यादा मात्र मुलाला शेजारी बसवून लावा, आकडा त्याने बोलू द्या. तो चार म्हणेल, तुम्ही दोन म्हणाल, तीनवर थांबा. एकेका ॲपच्या मर्यादा दोन-तीन ॲपपुरत्याच ठेवा. पंधरा ॲपना वेगवेगळी मिनिटं लावणारे आठवड्याभरात स्वतःच कंटाळतात, कारण विनंत्यांचा भडिमार त्यांच्याच फोनवर होतो, तोही ऑफिसच्या मीटिंगमध्ये.

तेराव्या वाढदिवसाच्या सुमारास गूगलकडून खात्याबद्दल मेल येतो, तो जाहिरात समजून उडवू नका. आपल्या २०२३ च्या डीपीडीपी, म्हणजे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे, गूगलच्या लेखी मात्र तेरा पूर्ण झालं की खातं सांभाळायच्या वयाचं. दोन्हींची सांगड आपल्यालाच घालायची आहे.

मुलाकडे आयफोन असेल तर हे सगळं विसरा. तिथे ॲपलचा स्वतःचा स्क्रीन टाइम वापरायचा. त्याला वेगळा पासकोड लागतो, आणि तो गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे ठेवू नये, कारण पोरं पहिल्यांदा तेच मारून बघतात.