नेतृत्वगुणांसाठी मुलांना कुठे घालावं? क्लास, स्काउट-गाइड, फुटबॉल की वाड्यावरचा नरकासुर

मुलगी पाचवीत गेली तेव्हा मीही हाच प्रश्न घेऊन गोव्यात, फोंड्यात चार ठिकाणी फिरले. ती चारचौघांत मागे राहू नये, एवढंच तेव्हा मनात होतं. आज ती नववीत आहे आणि धाकटा सहावीत. दोघांच्या निमित्ताने या चारही वाटा जवळून पाहून झाल्या आहेत. यंदा ज्यांना ठरवायचंय, त्यांना माझा अनुभव उपयोगी पडावा म्हणून हे लिहितेय.

आधी कसोटी सांगते. आपण पालक बहुतेक वेळा स्टेजवर न घाबरता बोलणाऱ्या मुलाला 'लीडर' म्हणतो. मलाही तसंच वाटायचं. पण इतर मुलांचं काहीतरी आपल्यावर अवलंबून आहे, आपण विसरलो तर सगळ्यांचं अडेल, ही जाणीव झाल्याशिवाय मूल पुढाकार घ्यायला शिकत नाही, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून आता कुठेही गेले की मी एकच विचारते : इथे मुलं स्वतः काय ठरवतात?

व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासमध्ये या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'काहीच नाही' असं असतं. विषय सर देतात, वेळ सर मोजतात, कुणी आधी बोलायचं तेही सरच सांगतात. तरी क्लास वाईट असतो असं मी म्हणणार नाही. माझी मुलगी पाहुण्यांसमोर तोंड उघडत नसे. तीन महिन्यांत ती सरळ उभी राहून, समोर बघून बोलायला लागली. आमची चूक झाली ती पुढे. वर्षाची फी एकदम भरली होती आणि उरलेले महिने तीच भाषणं, तेच खेळ. मूल बुजरं असेल तर क्लास जरूर लावा, पण तीन महिन्यांचाच लावा.

स्काउट-गाइडचं मूळच निराळं. १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांचं पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा मुलांचे चार गट पाडले आणि प्रत्येक गट त्यांच्यातल्याच एका मुलाच्या हाती दिला. ती पद्धत आजही चालते. सहा-आठ जणांचा गट, त्याला पेट्रोल म्हणतात, आणि त्यांच्यातलाच एक पेट्रोल लीडर. आपल्याकडे भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० पासून आहे. प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्या चढत जायचं. खर्च म्हणाल तर गणवेश आणि शिबिराचा.

मुलगी सातवीत पेट्रोल लीडर झाली. पहिल्याच शिबिरात तिच्या गटाचा भात करपला, कारण चुलीजवळ कुणी बसायचं हे तिने ठरवून दिलंच नव्हतं. प्रत्येकीला वाटलं, दुसरी बघतेय. बाईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं, पण बोलल्या काही नाहीत. सहा जणींनी तोच भात खाल्ला. रात्री मुलीने पाटीवर खडूने नावं लिहिली : पाणी कोण, चूल कोण, भांडी कोण. वर्षभराच्या क्लासमधून तिला जे मिळालं नव्हतं, ते तिला त्या पातेल्याने दिलं.

सावधगिरी मात्र एक हवी. काही शाळांतली पथकं १५ ऑगस्ट, १९ डिसेंबर (गोवा मुक्तिदिन) आणि २६ जानेवारी या तीन दिवशी कवायतीपुरतीच दिसतात. नाव घालण्याआधी गेल्या वर्षी मुलं किती रात्री शिबिरात राहिली ते विचारा. एनसीसीचा विचार मूल थोडं मोठं झाल्यावरच करता येतो. तिथे शिस्त उत्तम लागते, पण आज्ञा पाळणं आधी आणि देणं नंतर. हूड मुलाला ते मानवतं.

फुटबॉल हा गोव्याचा राज्य खेळ. धाकट्याला संध्याकाळी मैदानावर सोडायला मला कधी आग्रह करावा लागला नाही. अकरांत कर्णधार एकच, मग बाकीच्यांना काय मिळणार, ही शंका मलाही होती. तो गोलवर उभा राहायला लागला आणि ती फिटली. अख्खं मैदान समोर दिसतं ते गोलरक्षकालाच. डावीकडचा मोकळा राहिलाय, मागे ये, हे ओरडून सांगणं हे त्याचं कामच. आपले ब्रह्मानंद शंखवाळकर गोलरक्षक असूनच भारताचे कर्णधार झाले आणि १९९७ चा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला.

इथे सगळं प्रशिक्षकावर आहे. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षांच्या मुलांचे छंदवर्ग चालवून पाहिले होते. त्यांचं संशोधन १९३९ मध्ये प्रसिद्ध झालं. जिथे मोठा माणूस फक्त हुकूम सोडत होता, तिथे तो खोलीबाहेर गेला की मुलांचं काम ढेपाळायचं. जिथे बोलून ठरवलं जाई, तिथे तो नसतानाही काम चालू राही. तेव्हा मैदानावर अर्धा तास उभे राहा. सर फोन घ्यायला बाजूला गेले की मुलं काय करतात ते बघा. सराव चालू राहिला तर तिथे निर्धास्त घाला.

आता नरकासुर, म्हणजे नरक चतुर्दशीच्या पहाटे जाळायचा त्याचा पुतळा. हा पर्याय कुठल्या जाहिरातीत येत नाही. मोठ्या मुलांचे मोठे नरकासुर आणि त्यांचा रात्रभराचा दणदणाट मला आवडत नाही. मी सांगतेय ते आठ ते चौदा वर्षांच्या मुलांच्या, पुरुषभर उंचीच्या नरकासुराबद्दल. आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, दोन वर्षांपूर्वी तेरा मुलं होती. दसरा झाला की वर्गणीची वही निघते. कुणाच्या घरी कुणी जायचं, मुखवटा विकत आणायचा की घरी करायचा, अंगणात जागा कोण देणार, बांबू कोण तोडून देणार, सगळं मुलंच बघतात. आत पेंढा, वर रद्दी आणि खळ.

त्या वर्षी आदल्या संध्याकाळी पाऊस आला. रंगवलेले कागद भिजून लोंबायला लागले. सगळ्यांत मोठा मुलगा चिडला, लहानांवर ओरडला आणि चार पोरं रडत घरी निघून गेली. हाताशी माणसंच उरली नाहीत. तासाभराने तोच मुलगा टॉर्च घेऊन चारही घरांच्या दारात जाऊन उभा राहिला. आमच्या दारातही आला. धाकट्याला म्हणाला, "चल रे, हात चिकटवायचा राहिलाय, तुझ्याशिवाय जमत नाहीय." त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. पहाटे नरकासुर जळाला, तेव्हा त्याचा एक हात वाकडाच होता. मग अभ्यंग, पायाखाली फोडायचं कारीट आणि फोव, म्हणजे पोहे.

खर्च जवळपास नाही, पण वर्षातून पंधराच दिवस मिळतात. आगीशी आणि फटाक्यांशी गाठ असते, म्हणून जाळताना एक मोठं माणूस तिथे हवंच. त्याआधी मात्र मोठ्यांनी लांब राहावं. आम्ही बाप्येबायका मध्ये पडून बांबू बांधून देतो, तिथेच मुलांचं सगळं शिकणं संपतं. चवथीची माटोळी (गणपतीच्या डोक्यावर बांधायची फळं-पानांची चौकट) आणि घुमट वाजवत म्हणायची आरती यांतूनही असंच मिळतं, फक्त तिथे सूत्रं घरातल्या मोठ्यांकडे असतात.

मला आज पुन्हा निवडायचं असतं, तर दहा वर्षांच्या मुलाला मी आधी स्काउट-गाइडमध्ये घातलं असतं, तेही शिबिरं होणाऱ्या पथकातच. शाळेत तसं पथक नसेल तर फुटबॉल. क्लास फक्त बोलायला बुजणाऱ्यासाठी. आणि यातलं काहीही नरकासुराच्या आड येऊ देऊ नका. ऑक्टोबरमध्ये सहामाही परीक्षेचं कारण सांगून आपणच पोरांना घरात बसवतो.

दोन वर्षांपूर्वीची वर्गणीची वही आमच्याकडे कपाटात आहे. पहिल्या पानावर मुलीच्या अक्षरात एकवीस घरांची नावं आहेत, चौघांपुढे 'पुन्हा जायचं' असं लिहिलेलं. यंदा धाकटा तीच वही मागतोय.